दोरी ओलांडेपर्यंत

मोरेश्वर नाखवाच्या डाव्या कोपराशी
मी एकोणीस वर्षं बसलो.
काम चिठ्ठ्यांचं:
जोडीची भागीदारी, या मैदानावरचं मागचं शतक,
परदेशी पंचाचं नाव, त्याचा उच्चार.
तो न बघता हात पुढे करायचा
आणि माझा थंड आकडा
त्याच्या तोंडातून गरम होऊन निघायचा.

सुरुवात चेंदणीतली.
कबड्डीचे सामने, मंडपवाल्याचा कर्णा,
मध्येच हरवलेली चप्पल जाहीर करायची,
निळ्या पट्ट्याची, डाव्या पायाची,
आणि त्याच श्वासात चढाई.
पहिलं पाकीट घरी नेलं तेव्हा
आई कोलंबी सोलत होती. म्हणाली,
"वरडाचं पैसं मिलतान?
मंग माजी किती बाकी निंगंल, बग."

पुढे महापे.
शेजारी रबराचा कारखाना,
तिसऱ्या मजल्यावर बिनखिडकीची खोली,
एसी सोळावर, म्हणून मे महिन्यात स्वेटर.
सामना गुवाहाटीत, कधी डर्बनला,
आम्ही दोन पडद्यांसमोर.
कानात निर्माता: वातावरण आणा, वातावरण.
मोरेश्वर आणायचा.
झेंडे बघून वारा सांगायचा, सावल्या बघून ऊन.
पण "इथे" कधी म्हणाला नाही.
"तिथे" म्हणायचा.
त्या एका अक्षरासाठी दोनदा बोलणी खाल्ली.

नियम एकच होता त्याचा:
बाद झालेला माणूस दोरी ओलांडेपर्यंत
आपण बोलायचं नाही.
बॅट काखेत, हातमोजा दातांनी सोडवत
तो चालत असतो,
घरी कोणीतरी टीव्हीसमोर उठून उभं राहिलेलं असतं.
तेवढं अंतर त्याचं.
मी घड्याळ लावून मोजलं होतं.
सरासरी अडतीस सेकंद. डर्बनला जास्त.

मग वर नवे साहेब आले.
अडतीस सेकंदांत सिमेंट बसतं म्हणाले,
वर एक गुडघ्याचं मलमही.
मोरेश्वर वाचायचा. स्वच्छ वाचायचा,
जोडाक्षरं न खाता.
मग पाण्याची बाटली उघडायचा
आणि न पिता बंद करायचा.
ऑक्टोबरात करार वाढला नाही.
पत्रात त्याचं आडनाव चुकलं होतं.
मी सवयीनं
बरोबर आडनावाची चिठ्ठी लिहून दिली.
ती त्यानं घडी करून खिशात ठेवली.

आवाज गेला तो नंतर, दोन वर्षांनी.
याचा त्याच्याशी काही संबंध नाही, डॉक्टर म्हणाले,
गाठ होती, काढली.
आता गळ्यावर जाळीचा रुमाल असतो
आणि चिठ्ठ्या तो लिहितो.
चहा कमी गोड.
बोंबलाला आज काय भाव?
तुझं टक्कल लपत नाही, सोडून दे.
अक्षर माझ्यापेक्षा वाईट. लागतं थोडा वेळ.

रविवारी कोपरीच्या पटांगणात
कॉलनीतल्या पोरांचे सामने असतात.
टेनिसचा चेंडू, दोरीऐवजी चुन्याची रेघ.
हा कोण ते कुणाच्या तरी बापानं ओळखलं,
पोरं माइक घेऊन आली.
त्यानं तो माझ्याकडे सरकवला.
मी बोललो. मी, ज्याला घरीसुद्धा
कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.
आकडेच जास्त बोललो.
दोन-तीन जण हसले, ते बरोबरच होतं.

सहाव्या षटकात चष्मेवालं एक पोर
पहिल्याच चेंडूवर त्रिफळा.
माझं तोंड उघडलं, आकडा जिभेवर तयार,
इतक्यात कोपराला कागद लागला.

"थांब. चुन्यापर्यंत."

पोरगं चालत होतं.
मध्येच त्याची नाडी सुटली,
ती बांधायला खाली बसलं,
बराच वेळ बसलं.
मोरेश्वर बघत होता.
कर्ण्यातून नुसती घरघर येत होती.
ती कोणी बंद केली नाही.